चौथ्या जागेवरची बोट

७ जुलै, सोमवार

माझ्यासोबत कोड लिहिणारा फेर्मिन आज पुन्हा पेटला! म्हणे, "पानावरची एक बोट लालची हिरवी करायला एवढा खटाटोप? सरळ आत हात घाल, बदल आणि मोकळी हो."

किती वेळा सांगायचं या माणसाला! बंदराच्या वेबपानाची सगळी स्थिती एका मोठ्या खोक्यात आहे — खोक्यात ताफा, ताफ्यात बोट, बोटीत तिची खूण: समुद्रात की बंदरात. ज्याने त्याने आत हात घातला तर कुणी काय हलवलं ते देवालाही कळायचं नाही. म्हणून कोडमध्ये माझ्या या लेन्स. एक लेन्स एकाच जागेकडे बघते, तिथलंच वाचते, तिथलंच बदलते. जुन्या खोक्याला धक्का लावत नाही, बदललेलं नवं खोकं हातात देते. तिला नियमही आहेत: जे ठेवलं तेच परत मिळालं पाहिजे. सगळे नियम तपासले. सगळे पास.

फेर्मिन नळीने कडू चहा ओढत म्हणाला, "लेन्सबाई, तुमचा धर्म तुम्हालाच लखलाभ." तरी तपासून "ठीक आहे" म्हणाला. हेही नसे थोडके.

१० जुलै, गुरुवार

नुन्सिओ पहाटे मासेमारीला गेला, "दोन्या असुंता" बोटीवर. माझी लोकरीची टोपी न विचारता घेऊन गेला. बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, पण मोठ्या बहिणीच्या वस्तू म्हणजे बापाचा माल!

आई पूर्वी वारा सुटला की धक्क्यावर जाऊन उभी राहायची, बंदरातल्या सगळ्या बायकांसारखी. आता स्वयंपाकघरात फोन पुढ्यात ठेवून बसते. लाल म्हणजे समुद्रात, हिरवं म्हणजे बंदरात. "तुझ्या त्या पानाने माझे गुडघे वाचवले," म्हणते. खरं लिहिते — मला फार बरं वाटतं ते ऐकून. मी दिवसभर नक्की काय करते, हे या घरात कुणाला कळलंय ते एवढंच.

११ जुलै, शुक्रवार

आग्नेयेचा वारा. खिडक्या खडखडतायत. सगळ्या बोटींना परत बोलावलंय.

१२ जुलै, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळपासून बोटी एकेक करून येत होत्या. दुपारी "दोन्या असुंता" हिरवी झाली. आई ओरडलीच — "आला गं! आला माझा पोर!" मला मिठी मारली, रडली, हसली. लगेच टोमॅटोचा रस्सा चढवला, पास्ता लाटायला घेतला. शेजारच्या कोन्चेताला भिंतीवरूनच हाक मारून सांगितलं. रेडिओ लावला. आई गाणं गुणगुणत होती! बाबा गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

रस्सा आटला, नुन्सिओचा पत्ता नाही. फोन बंद. "बसला असेल दोस्तांबरोबर ढोसत. कुठे तडमडलाय मेला!" आई म्हणाली. पण गुणगुणतच.

अंधार पडायच्या आत मीच बंदरावर गेले. "दोन्या असुंता"ची जागा रिकामी. शेजारी "सान विन्सेन्सो" बांधलेली — आणि पानावर ती लाल! समुद्रात! तिचा तांडेल मला बघून हसायला लागला: "बघ की, तुझ्या पानाने आम्हाला बुडवलं! दुपारपासून इथे दोर बांधून बसलोय आणि शोधबोट आम्हालाच शोधायला गेलीये म्हणे! आत्ता कुठे परत बोलावलं त्यांना."

मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं.

घरी येऊन आईला मीच सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला.

१३ जुलै, रविवार

सापडलं. चूक माझीच.

प्रत्येक बटणामागची लेन्स मी जागेवर बसवली होती — यादीतली तिसरी बोट, चौथी बोट. नावावर नाही. आणि बोट हिरवी झाली की यादीच्या तळाला जाते, खालच्या सगळ्या वर सरकतात. बंदरात रेडिओवर बसणाऱ्या आयदेमावशींनी तिसरी बोट हिरवी केली. वादळात नेट रडत होतं. त्यांच्या फोनवर यादी जुनीच राहिली. त्यांनी चौथ्या जागेवर "सान विन्सेन्सो" दिसली म्हणून तिचं बटण दाबलं. इकडे खोक्यात तोवर चौथ्या जागेवर "दोन्या असुंता" आली होती.

मावशी पाळी संपली म्हणून घरी गेल्या. पुढच्या माणसाने पानावर बघून शोधबोटीला सांगितलं — एकच बाकी, "सान विन्सेन्सो". शोधबोट ती मासेमारीला गेली होती त्या दिशेला गेली, उत्तरेला. नुन्सिओ दक्षिणेला होता.

लेन्सने एकही नियम मोडला नाही. ठेवलं तेच परत मिळालं. तिच्याखालची यादी सरकली, एवढंच. एवढंच!!

१४ जुलै, सोमवार

दक्षिणेला "दोन्या असुंता"चा तराफा सापडला. रिकामा.

फेर्मिन आला. दारातच उभा राहिला. "'ठीक आहे' मी म्हटलं होतं, रोसाल्बा. निम्मी चूक माझी." मला त्याचा राग आला. चूक वाटून घ्यायला ती काय भाकरी आहे? मी दार लावून घेतलं. बिचारा बराच वेळ बाहेर उभा होता.

१६ जुलै, बुधवार

शोधपथकाच्या प्रमुखांना विचारलं: शनिवारी दुपारीच दक्षिणेला गेला असतात तर?

"बाई, असं विचारू नये."

म्हणजे काय? हो की नाही? माणसाने एवढं तरी सांगावं.

१९ जुलै, शनिवार

शोध थांबवला. पाच जण होते बोटीवर. नुन्सिओ सोडून बाकी चारही घरी मी जाऊन आले. एका घरी दार उघडलं नाही. एका घरी मला बसवून कॉफी दिली, ते जास्त वाईट.

आयदेमावशी रडत होत्या, "बटण मीच दाबलं ना." मावशी, तुम्ही बरोबरच दाबलंत. हे मी त्यांना दहादा सांगितलं. पटलं नाही त्यांना.

आता सगळ्या लेन्स नावावर आहेत. यादी कशीही सरकू दे, बोट चुकणार नाही. तपासलं. पास. बंदराचं पान चालू आहे, बोटी जातायत, येतायत. "दोन्या असुंता" तेवढी लाल, सगळ्यात वर. ती काढून टाकायला मला कुणी सांगत नाही आणि माझाही हात होत नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. फोन पुढ्यात ठेवून बसते.

२३ जुलै, बुधवार

आई बोलली! भांडी विसळता विसळता, पाठमोरीच. "त्या दिवशी दुपारी तो आला होता गं माझ्यासाठी. तेवढा वेळ मी सुखात होते. बाकीच्यांच्या घरी वादळात नेटच नव्हतं, त्यांना तेवढंही मिळालं नाही. माझ्या फोनवर कर ना परत हिरवी. वेडी नाहीये मी. मला माहीत आहे सगळं."

केली. फक्त तिच्या फोनवर.

मग माझ्याही.