यमन स्वच्छ करताना

नारायण पेठ, पुणे
४ एप्रिल २०२५

चि. दीनानाथ यास,
अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. म्हणजे पोळ्या विकतच्या, भाजी माझी. नागपूरच्या उन्हातही गळ्याला उपरणं गुंडाळून हिंडत असशील. गायकाचा गळा आहे, हे लोकांना कळणार कसं?

वहिनीच्या वर्षश्राद्धाला, तिच्या शेवटच्या दिवाळीत घरी गायलेला तुझा यमन लावायचं ठरलं होतं. शाळेतून आल्यावर घर खायला उठतं, म्हणून ध्वनिमुद्रण नीटनेटकं करायची विद्या शिकायला घेतली. बुधवार पेठेत हेडफोन घेतले. "काका, डीजेसाठी का?" दुकानदार म्हणाला. "ख्यालासाठी," म्हटलं. त्याने सहानुभूतीने पिशवी दिली.

तुझ्या तिसऱ्या तानेचं काय झालं होतं, ते मी कुठे बोलणार नाही.

पंखा फार घरघरत होता. तो काढायची रीत अशी: कोणी गात नसेल असा तुकडा संगणकाला दाखवायचा, 'हा गोंगाट' म्हणून सांगायचं, मग तसलं सगळं तो सगळीकडून पुसतो. तू सा लावण्याआधीचा तुकडा मी दाखवला. व्याख्या नको तिथेही लागू पडली की अतिव्याप्ती, असं म्हणत जन्मभर संस्कृतच्या पेपरात पोरांचे गुण कापले. संगणकाने विचारलं, जुनी फाइल बदलू? मी हो म्हटलं.

पंखा गेला. तू मात्र आता विहिरीत एकटा उभा राहून गातोयस.

त्या तुकड्यात तू गात नव्हतास, दीनू. वहिनी तानपुरा छेडत होती.

दुसरी प्रत नाही. तू मागितलीस, तेव्हा मीच म्हणालो होतो, "थांब, आधी स्वच्छ करून देतो." रेकॉर्डर दिसला की ती तोंड मिटून घ्यायची. "मी काय, नुसती तारा छेडणारी," म्हणायची. तिचा म्हणून तेवढाच आवाज या घरात उरला होता.

श्राद्धाला काय लावायचं, ते तू ठरव. समोर बसून गाईन म्हणशील, तर मागे कोण बसेल ते मला विचारू नकोस.

तिने शेवटचा जुळवलेला तानपुरा मी वर्षभर गवसणीतून काढला नव्हता. काल काढला. कोणी हात न लावता तारा उतरल्या आहेत.

पंखा बंद करून बसलेला,
तुझा दादा