गोदावरीबाईच्या बांधीतला बोजारा

...तर सडा टाकून झाला होता, गोठ्यातलं शेण उचललं होतं, चुलीवर पाणी ठेवलं होतं आणि मी नळाखाली घागर लावून उभी होते. तेवढ्यात तुझे भाऊजी ओसरीवरून ओरडले, "गिरजे, माह्या चपलेले काय झालं वं? आवळून गेली!" पावसानं आवळली असेल, असं मी म्हटलं. मग आम्ही दोघांनी ती चुलीपाशी सुकवली, तेल चोळलं, तरी डावा पाय काही आत शिरेना. उजवा बरोबर शिरत होता. एका जोडातली एकच चप्पल कशी आवळते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्या दिवशी निंदणाला जायचं होतं.

आता बघ, मायना लिहायचा राहिला आणि पत्र मधूनच सुरू झालं. (मी वाचायला किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. त्यातली प्रत्येक गोष्ट मधूनच सुरू व्हायची, त्याची सवय.) तर चिरंजीव यादोराव, तुला आणि रीताला ताईचे भरभरून आशीर्वाद. इकडे मी खुशाल, म्हैस खुशाल, ग्रामपंचायतही खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? डावा पाय कसा आहे? (रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला ठाऊक आहे.)

भाऊजींचा तो पाय पुढं हत्तीपाय झाला, त्याला बांधीत, धानाच्या शेतात, कापलेल्या धानाचं खुट लागलं, ताप चढला आणि माणूस गेला, हे तू पाहिलंस. लोक म्हणतात, सरपंच झाल्यापासून गिरजाबाई सावरली. सावरले वगैरे काही नाही. दुःख घरातल्या खांबासारखं आहे तिथंच आहे, मी त्याच्या बाजूनं ये-जा करते. पण एक ठरवलं होतं की माझ्या कारभारात या गावात दुसरा हत्तीपाय होऊ द्यायचा नाही.

त्यात किती यश आलं ते ऐक, आणि मला मिरवू दे, कारण इथं मिरवायला समोर कोणी नाही. उपकेंद्राला रंग दिला. नर्सबाई आता मुक्कामी राहते. नाल्या वाहत्या केल्या. मच्छरांची अंडी खायला साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडले. (आपल्या डोमानं ते खांद्यावरच्या दुपट्ट्यात धरून त्यांचा रस्सा केला. मी विचारलं तर म्हणतो, "बाई, शासनानं मासे देल्ले, मले वाटलं मसाला आपल्याले टाका लागते." दुसऱ्यांदा सोडले तेव्हा डोमालाच राखणीला बसवलं. आता तो पोराटोरांनाही पाण्याजवळ फिरकू देत नाही.)

राहिल्या हत्तीरोगाच्या गोळ्या. त्या आरोग्यवाल्यांच्या समोरच गिळायच्या असतात, उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, आणि आपली आशाताई तृप्ती गोळ्या घेऊन दारी जाते तेव्हा बाया कधीच्याच धानाची रोपं लावायला, रोवण्याला गेलेल्या. घरी सापडतात ते पुरुष, आणि ते म्हणतात, "ठेवून जा, जेवून घेतो." ते जेवतात आणि गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यात जातात. (शेजारच्या गोदावरीबाईच्या कोंबड्यांना सात जन्म हत्तीरोग होणार नाही.) मग मी ठरवलं की गोळ्या बांधीवरच न्यायच्या. दुपारी बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून शिदोरी सोडतात, पोट भरलेलं असतं, पळायला जागा नसते.

दवाखान्याचे नवे डॉक्टर प्रविणसाहेब स्वतः यायला तयार झाले. मुलगा चांगला, पण सांगलीकडचा, आणि त्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून आला. उंची मोजून गोळ्या द्यायच्या म्हणून हातात लांब काठी. गोदावरीबाईच्या बांधीत आम्ही उतरलो आणि तिथं माझी चूक झाली. त्या दिवशी तिचा रोवणा सरत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रोवणा सरायच्या दिवशी जो कोणी धुऱ्यावर येईल त्याला बाया चिखल लावतात, मग त्यानं बोजारा द्यायचा, म्हणजे सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं. तुला मी हे काय सांगते, तुला लहानपणी डोक्यापासून पायापर्यंत माखलं होतं. पण साहेबाला कोण सांगणार?

त्यांनी "ताई, गोळ्या" एवढं म्हटलं असेल, की गोदावरीबाई ओरडली, "आला वं आला, मोठा पाहुना आला!" आणि सगळ्या बाया दोन्ही हातांत चिखल घेऊन धावल्या. साहेबांना वाटलं, गोळ्यांच्या रागानं गाव अंगावर आलं. काठी टाकून ते असे पळाले की एक बूट अजून त्या बांधीत आहे. (तिथला धान जोरात येईल असं बाया म्हणतात.) मी मागून "साहेब, थांबा, हा मान आहे!" असं ओरडत होते, पण पळणाऱ्या माणसाला मान ऐकू येत नाही.

थोड्या वेळानं फटफटीवर पोलीस आला. आरोग्य पथकावर हल्ला झाल्याची खबर. तो सानगडीचा, म्हणजे आपल्यातलाच. त्यानं लांबूनच गाडी थांबवली, बायांचे हात पाहिले आणि तिथूनच ओरडला, "बाई, रोवना सरला काय?"

"सरला," मी म्हटलं.

"मंग मी इथूनच चौकशी करतो."

पण मला हसू येत नव्हतं, यादो. साहेब पळता पळता म्हणाले होते की या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि ते आले नाहीत तर गोळ्या पुन्हा कोंबड्यांकडे. मी तशीच चिखलाच्या पायांनी त्यांच्या खोलीवर गेले. ते आंघोळ करून बसले होते, कानात अजून चिखल.

"मॅडम, माझ्यावर हल्ला झाला."

"साहेब, हल्ला नाही झाला, तुम्ही मानाचे पाहुने झाले. आता बोजारा तुमच्याकडं लागून राहिला. नाही देल्ला तर बाया वर्षभर नाव ठेवतीन."

त्यांनी बोटानं कानातला चिखल काढला. मग ठाण्यात फोन लावून म्हणाले, "तक्रार मागे घेतो. चिखल सांस्कृतिक होता."

परवा त्यांनी बुंदीची टोपली आणली आणि मी माझा कायदा लावला. आधी गोदावरीबाईच्या घरचा भात, मग साहेबांसमोर गोळ्या, मग जीभ दाखवायची, मगच बुंदी. आलेला बोजारा परतवला तर लोंबीत दाणा भरत नाही, असं गोदावरीबाईची सासू सांगून गेली आहे, त्यामुळं तिला मागं हटता येईना. तरी तोंड वाकडं करून म्हणाली, "गिरजा, तू सरपंच झाली का सासू झाली वं?" आणि गिळल्या. तिनं गिळल्यावर बाकीच्यांनी मुकाट्यानं गिळल्या. मोनूची बायको पोटुशी आहे, तिला या गोळ्या चालत नाहीत, तर ती रुसून बसली, तिला बुंदी जास्त दिली. दोघी-तिघींना जराशी चक्कर आली, साहेब त्यांच्याजवळ बसून राहिले. मग पुरुष येऊन भांडायला लागले, "आमचा बोजारा कुठं आहे?" त्यांनाही त्याच कायद्यानं दिला. आता गावात ज्याला गोळ्या चालतात असा, न गिळलेला माणूस नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की असं गाव त्यांनी पाहिलं नाही. घरी येऊन मी भाऊजींच्या फोटोला ते दोनदा सांगितलं.

असो. म्हशीला पान्हा चांगला आहे. पत्र पुरे करते.

तुझी ताई,
गिरजा

ता. क. : खरं काम राहिलंच. साहेबांनी मला हसत विचारलं, "सरपंचबाई, तुमच्या माहेरी घेतल्या का सगळ्यांनी?" मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही. रीतानं मला सगळं सांगितलं आहे. तू गोळ्या जिभेखाली धरल्यास आणि आशाताई वळल्यावर गव्हाणीत थुंकलास. तुझा डावा पाय सांजेला सुजतो आणि तू लुंगी खाली सोडून तो झाकतोस. माझा नंबर दिसला की फोन बंद करतोस, म्हणून पत्र लिहावं लागलं. सारं गाव माझं ऐकतं आणि पाठचा भाऊ ऐकत नाही. यादो, एक पाय मी पाहिला आहे. दुसरा पाहायची माझी ताकद नाही. गोळ्या गिळ आणि पाय दवाखान्यात दाखव.

ता. क. दुसरा : वरचं काल लिहिलं. टपालाचा भरवसा नाही, आणि तू वाचशील याचा त्याहून नाही. म्हणून आज ग्रामपंचायतीची सभा उपसरपंचावर सोडली, बस बदलत बदलत माहेरी सिहोऱ्याला आले, रीताच्या हातचा भात खाल्ला, तुझ्या गावच्या आशाताईला गोळ्या घेऊन बोलावून शेजारी बसवलं आणि तू बांधीवरून यायच्या आत तुझ्या दारात खाट आडवी टाकून हे लिहीत बसले.