अक्कलदाढ काढली तेव्हापासून

३ मार्च, सोमवार
अक्कलदाढ काढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं ते निराळंच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी प्रेमात पडलो आहे.

दातांची डॉक्टर. पस्तिशीची असावी. मास्क असल्यामुळे चेहरा दिसला नाही, पण डोळे पाहिले. ओला तपकिरी. इतकी वर्षं रंगाच्या दुकानात मॅनेजर आहे, शेडच्या बाबतीत माझं चुकत नाही. तिने हिरडीत इंजेक्शन दिलं, म्हणाली, काका, बधिर होईपर्यंत जरा बसा, आणि माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी छातीत कुणीतरी बटण दाबल्यासारखी धडधड सुरू झाली. हळूहळू वाढत वगैरे नाही, एकदम. गळ्याची शीर टणाटण उडायला लागली. घरी येताना जिन्यात ठसका लागला आणि सुरू झाली तशीच ती खाडकन थांबली. विरह. दुसरं काय.

'काका' म्हणाली हे खरं. पण शेजारी असिस्टंट उभी होती. चारचौघांत दुसरं काय म्हणणार.

६ मार्च
बायकोच्या बाबतीत असं कधी झालं होतं का, ते आठवून पाहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं होतं. छातीत काही नाही.

संकल्प: पुन्हा जायचं. दात सगळे धडधाकट आहेत, ही एक अडचणच. आरशात बराच वेळ शोधल्यावर खालच्या ओळीत एक काळपट ठिपका सापडला. खडीसाखर खायला सुरुवात केली.

११ मार्च
ठिपका भरून घेतला. इंजेक्शन, ते डोळे, आणि पुन्हा तीच धडधड. आज तिने माझा हात हातात घेतला. स्वतःहून. मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली, म्हणजे वेळ थांबावा असं तिलाही वाटत असणार.

मग म्हणाली, काका, नाडी फारच पळतेय. या इंजेक्शनातल्या औषधाने काहींना होतं असं, पण इतकं नाही. ईसीजी काढल्याशिवाय पुढच्या वेळी मी हात लावणार नाही.

घरी येईपर्यंत एकच शब्द मनात घोळत होता. पुढच्या वेळी.

१४ मार्च
ईसीजी काढला. एकदम नॉर्मल. टेक्निशियन म्हणाला, आत्ता शांत आहे म्हणून शांत दिसतंय, धडधड चालू असताना या, तेव्हाच काय ते पकडता येईल. त्याचा चहा थंड होत होता, त्यामुळे बोलण्यात त्याचं लक्ष नव्हतं.

मुद्दा असा, की विज्ञानानेच शिक्कामोर्तब केलं. आजार नाही. मग उरतं काय?

२२ मार्च
आज दुकानात विचित्र प्रकार. प्लंबरला प्रायमरचा डबा काढून देण्यासाठी वाकलो आणि धडधड सुरू. समोर प्लंबर. मिशा, पान, बनियन.

क्षणभर मी हादरलो. मग उलगडा झाला. त्याने दात कोरत कोरत पैसे दिले होते. दात म्हटले की ती आठवणारच. प्रेम या थराला गेलं आहे.

डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून डब्यावर बसून राहिलो. त्या भरात एका गिऱ्हाइकाला दुधाळ पांढऱ्याऐवजी जांभळा काढून दिला. संध्याकाळपर्यंत त्याचा हॉल रंगवूनही झाला म्हणे. मालक वाट्टेल ते बोलले. बोलू देत. त्यांना कधी झालं असेल असं?

२५ मार्च
घरी टीव्ही बघताना सुरू झालं. बायको शेजारीच होती. तिला माझ्या गळ्याची शीर दिसली. तिने हात लावला आणि म्हणाली, हे असं किती दिवस होतंय? चला, आत्ता चला डॉक्टरकडे. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नाही कसं, मोजता येत नाहीये मला, इतकी पळतेय.

बायकांना कळतं. मत्सर बोलत होता तिचा.

३० मार्च, रविवार
सांगून टाकलं. पुरुषाने स्पष्ट असावं.

ती इस्त्री करत होती. म्हटलं, हे जे माझ्या छातीत होतं ना, ते दुसऱ्या एका व्यक्तीमुळे होतं. तुझ्यामुळे कधीच झालं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तू वाईट नाहीस, पण हृदयापुढे इलाज नसतो.

तिने इस्त्री उभी केली. विचारलं, त्या व्यक्तीला माहीत आहे का? मी म्हटलं, तिने माझी नाडी पाहिली आहे. ती म्हणाली, बरं. मग माझ्या शर्टाची दुसरी बाही पण केली आणि शर्ट हँगरला लावला.

फार शांतपणे घेतलं. मनातून कोसळली असणार.

१ एप्रिल
बायको तिच्या बहिणीकडे गेली. दोन बॅगा. जाताना म्हणाली, डॉक्टरकडे मात्र जा. म्हणजे अजून जीव आहे तिचा. आठवड्याभरात परत येईल आणि मला नाइलाजाने नाही म्हणावं लागेल. कसं म्हणायचं त्याची प्रॅक्टिस केली.

७ एप्रिल
आली नाही. स्वभाव मानी आहे.

संकल्प: उद्या दवाखान्यात सगळं बोलायचं. निमित्त म्हणून वरची दाढ काढायला सांगितली आहे. दाढ चांगली आहे, पण प्रेमात माणसं जीव देतात.

९ एप्रिल, हॉस्पिटल
जमेल तसं लिहून ठेवतो.

धीर यावा म्हणून काल चार कप कडक कॉफी घेतली. लिफ्ट बंद होती म्हणून जिना. खुर्चीत बसतो न बसतो तोच धडधड. ती म्हणाली, ईसीजी नॉर्मल होता ना, तरी आज मी वेगळं इंजेक्शन देते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, डॉक्टर, माझं हृदय. ती म्हणाली, हो काका, कळलं मला.

ते ऐकून जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. तेवढ्यात तिने खुर्ची मागे टेकवली, एक रिकामी सिरिंज माझ्या तोंडात दिली आणि म्हणाली, याने कधी कधी धडधड थांबते, जोर लावून फुंका, आतला दट्ट्या हलेपर्यंत फुंका. मी फुंकलं. मग मला एकदम आडवं केलं आणि असिस्टंटने माझे दोन्ही पाय धरून वर उचलले. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी माझे मोजे बघितले. उजव्याला भोक होतं. दोनदा केलं. धडधड थांबली नाही. अॅम्ब्युलन्स आली.

इथे छातीला वायरी लावल्या आणि या वेळी सापडलं. डॉक्टर म्हणाले, आता दंडाच्या शिरेत एक इंजेक्शन देतो, काही सेकंद मरतोय असं वाटेल, घाबरू नका. वाटलं. अगदी तसंच. नर्स म्हणते, मी 'आई' म्हणून ओरडलो. मग सगळं थांबलं आणि हृदय शहाण्यासारखं चालायला लागलं.

१० एप्रिल
बायको आली. नातेवाइकाची सही हवी होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं. हृदयात विजेची एक जादा वाट आहे, जन्मापासून. कधी कधी करंट तिथे अडकतो आणि गोल गोल फिरत राहतो. कॉफी, वाकणं, दातांच्या इंजेक्शनातलं औषध, कशानेही सुरू होतं. मांडीतून तार घालून ती वाट जाळून टाकू, बहुतेकांना पुन्हा होत नाही.

बायकोने विचारलं, कुणाकडे बघून होतं का हो असं? डॉक्टर हसले. ती हसली नाही. सही केली.

१५ एप्रिल
वाट जाळली. बायकोने टॅक्सीने घरी आणून सोडलं, औषधं समजावून सांगितली, फ्रिज भरला आणि गेली. थकली असेल.

२२ एप्रिल
अक्कलदाढेचे टाके काढायचा बहाणा करून दातांच्या दवाखान्यात गेलो. टाके कधीच विरघळले होते. ती मास्क काढून डबा खात होती. चांगली, साधी बाई आहे. म्हणाली, काका, बरं केलंत हो आलात, फार घाबरवलंत आम्हाला. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघितलं. नुसतेच तपकिरी. छातीत काही नाही. ती म्हणाली, दात दुखतोय का?

२७ एप्रिल, रविवार
विचार पक्का झाला. रीतसर पाहिलं तर मी काही बोललोच नव्हतो, बोलली ती जादा वाट. ती जळली. म्हणजे विषय संपला. बायकोला फोन करून उदारपणे हे सांगितलं आणि म्हटलं, तू आता येऊ शकतेस.

ती म्हणाली, तब्येत बरी आहे ना, मग झालं. मी म्हटलं, अगं, तो आजार होता. ती म्हणाली, हो, तुमचा आजार होता. पण त्या दिवशी इस्त्री करताना तुम्ही ते बोललात, तेव्हा मी वाट बघत होते, आता माझ्या छातीत काहीतरी होईल म्हणून. काहीच झालं नाही. शर्टाची दुसरी बाही होईपर्यंत थांबले, तरी नाही. म्हणून बॅगा भरल्या.

मग म्हणाली, कॉफी घेत जाऊ नका, आणि फोन ठेवला.

बराच वेळ छातीवर हात ठेवून बसलो. निदान आता तरी सुरू होईल म्हणून. शेवटी मोजलं. बहात्तर. एकदम नियमित.