दारातला सागो पाम

१२ मे

आला! गड्डा आला! चोवीस वर्षांनी!

सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर सागो पामच्या मधोमध काहीतरी पिवळट, लोकरीसारखं. आधी वाटलं, सडला. वाकून बघितलं – कोबीएवढा गड्डा, मऊ, गरगरीत. फूल म्हणायचं आपलं. खरं तर ते फूल नाही आणि हे झाड पामही नाही, पण बिल्डिंगमध्ये कुणाकुणाला समजावत बसू? असा गड्डा मादीलाच येतो. म्हणजे चोवीस वर्षं मी जिला 'हा' म्हणत आले, ती बाई निघाली!

दूध न घेताच वर आले. हे म्हणाले, "दूध?" मी म्हटलं, "आधी खाली चला!"

१५ मे

दृष्ट लागली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर – आम्ही त्यांना दातवाले म्हणतो – त्यांनी सेक्रेटरींकडे अर्ज दिलाय. "प्रवेशद्वारातील विषारी झाड त्वरित काढून टाकण्याबाबत. लहान मुलांच्या जिवाला धोका."

विषारी आहेच! मला शिकवतायत! तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होते मी. बाटल्यांवर 'विष' ही लेबलं मीच चिकटवायचे. पान, खोड, मूळ, सगळं विषारी, आणि बी सगळ्यात जहाल. म्हणून काय उपटून टाकायचं? पुढच्या महिन्यात मीटिंग. हात वर करून ठरणार.

१६ मे

दातवाले जिन्यात भेटले. मी भिंतीकडे बघितलं.

२१ मे

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत जीवशास्त्राच्या बाई मोठ्या सागो पामच्या बुंध्याला फुटलेली पिल्लं काढून टाकत होत्या. त्यातलं एक मी पिशवीत घालून आणलं. कांद्याएवढं, ना पान ना मूळ. दारात लावलं. दीड वर्ष ढिम्म हललं नाही. रोज पाणी, रोज वाट बघणं. एके दिवशी येऊन बघते तर लेकीने उकरून ठेवलेलं! सहा वर्षांची होती. हात कोपरापर्यंत मातीचे. मी एक धपाटा घातला. ती रडत रडत म्हणाली, "आई, हे उलटं लावलंय तू."

उलटंच होतं. मुळं वर निघून वळून खाली चालली होती. सरळ करून लावलं, चार महिन्यांत पहिलं पान.

धपाट्याबद्दल मी तिला सॉरी म्हटलं होतं का? आठवत नाही. म्हटलं नसणार.

तेव्हापासून वर्षाला पानांचा एक फेर. पानं उलगडत असतात तेव्हा हात लावायचा नाही, वाकडी झाली की वाकडीच राहतात. हे मी सगळ्या बिल्डिंगला बजावते. आज जेवताना ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "झाडाच्या बाबतीत बरं कळतं तुला." आणि ताट उचलून गेले.

मला कळलं ते काय म्हणत होते. तीन वर्षं झाली. लेकीने चांगली नोकरी सोडली तेव्हा मी म्हटलं होतं, "तुला एक गोष्ट धड करता येत नाही." ती पायरी उतरली ती पुन्हा चढली नाही. फोन येतात ते ह्यांच्याच मोबाइलवर.

२ जून

सापडले! दातवाले सापडले!

खाली एक पेंटर टेप घेऊन उभा. मलाच विचारतो, "बाई, हे झाड कधी निघणार? डॉक्टरांचा बोर्ड नऊ फुटी आहे, अर्धा झाकला जाईल." मी त्याला वर बोलावून चहा पाजला. दोनदा. मापांचा कागद त्याने आपणहून दाखवला, मी त्याचा फोटो काढून ठेवला. लहान मुलांच्या जिवाला धोका म्हणे! धोका बोर्डाला आहे!

९ जून

आरशासमोर भाषणाची तयारी. हे मोबाइल घेऊन आले. "बघ, आणखी दोन दात आले." नात चौदा महिन्यांची झाली. फोटोत लाकडी चमचा चावत होती. "छान," म्हटलं मी. मग पुढचा मुद्दा काही केल्या आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१४ जून

अकरा विरुद्ध तीन!! अकरा विरुद्ध तीन!!

सगळं लिहून ठेवते, विसरायला नको. दातवाले छापील कागद घेऊन आले होते. पाच मिनिटं विष, विष, विष. मी उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे. उलट त्यांनी कमीच सांगितलं." दातवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग मी विचारलं, "पण मुलं आहेत कुठे? या बिल्डिंगमध्ये दिसेल ती वस्तू तोंडात घालणारं आहे कोण? सगळ्यात धाकटा तिसऱ्या मजल्यावरचा, नववीतला. त्याला मिसरूड फुटलंय!"

दातवाले म्हणाले, "माझ्याकडे पेशंट येतात. त्यात मुलं असतात."

मी म्हटलं, "तुमच्या दारात आलेलं मूल तोंड उघडतं कधी?"

हशा! सेक्रेटरीसुद्धा हसले! मग मी हळूच पेंटरच्या कागदाचा फोटो फिरवला. नऊ फुटी बोर्ड. दातवाले खाली बसले ते बसलेच. हात वर झाले, हे मोजत होते – अकरा.

घरी आल्यावर हे म्हणाले, "वकील व्हायला हवी होतीस." बऱ्याच वर्षांनी कौतुक केलं.

१५ जून

कॉलर ताठ. आज जिन्यात भिंतीकडे दातवाल्यांनी बघितलं!

२६ जून

गड्डा फुलून टोपलीएवढा झालाय. चौथ्या मजल्यावरच्या आजी मुद्दाम लिफ्टने उतरून फोटो काढून गेल्या. जवळपास नर झाड नाही, तरी लालभडक बिया धरतात कधी कधी, असं वाचलंय. धरू देत! मी त्याभोवती गुडघ्याएवढी जाळी लावली आणि वर पाटी – शाळेतल्यासारखी, सुवाच्य अक्षरात – 'विष'. आता बोला म्हणावं!

४ जुलै

फोन माझ्या मोबाइलवर आला. माझ्या!

"आई, मी." मग ती म्हणाली, "तिकडे काम मिळालंय. शुक्रवारी येतो आम्ही दोघी. वर्षभर तरी राहू तुमच्याकडे. चालेल?" चालेल का विचारते! मी म्हटलं, "तेव्हा तू सांगितलंस ते बरोबर होतं. मी उलटंच लावलं होतं." तिला काय कळलं कोण जाणे, पण हसली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "घर जरा बघून ठेव गं, ही दिसेल ते तोंडात घालते."

हे म्हणाले, जाळी आहे ना. मला नाही ती जाळी पुरायची.

झाड काढायला आणलेली पहार दातवाल्यांकडे अजून आहे. सकाळी सातला जाऊन मागते. हसू देत काय हसायचं ते!