उघाडीची फळी

प्रिय रचना,

मी बरी आहे, गुडघे आहेत तसेच. दुसरीपर्यंत जेवढं शिकले तेवढ्यावर हे पत्र चाललंय, तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोन केला असता, पण तुझा बाप प्रितेश तिथेच कान लावून बसतो.

माणिकपूरला फिल्म दाखवायच्या तयारीत अडकलीस म्हणून तू तिची सीडी पाठवलीस, ती गावाने बघितली. शाळेच्या पटांगणात पडदा म्हणून शेजारच्या पॉलिनची चादर बांधली, चादरीला मधोमध ठिगळ. ते नेमकं माझ्या तोंडावर आलं. लोक हसले आणि मी भाताच्या लावणीचं काय सांगितलं ते कोणी ऐकलंच नाही. फिल्मभर खाडीकाठची आपली शेतं, बांध, आणि आता तिथे उभ्या असलेल्या बिल्डिंगी. ज्यांनी पहिल्यांदा जमिनी विकल्या तेच पुढे बसून डोळे पुसत होते. हसू आलं मला, पण दाबलं.

मग उघाडीचा भाग आला. बांधातलं ते दार तू दाखवलंस, चांगलं दाखवलंस. ओहोटीला फळी वर घ्यायची, शेतातलं पाणी सोडायचं; भरतीआधी खाली घालायची, खाडीचं खारं पाणी अडवायचं. प्रत्येक घराची पाळी. तुझ्या फिल्ममध्ये तिघंजण एकच सांगतात, की त्या उधाणाच्या दिवशी रामूची पाळी होती, तो पिऊन पडला, फळी घातलीच नाही, जमीन खारावली, तीन वर्षं भात झाला नाही, म्हणून विकावी लागली. रामू मागे भिंतीला टेकून बघत होता. संपायच्या आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या ओट्यावर येऊन बसला. चोवीस वर्षांत आला नव्हता. त्या उधाणापासून त्याला कोणी उघाडीची पाळी दिली नाही, की कुठल्या कामाला हाक मारली नाही. पोरगा त्याचा वालीवला कारखान्यात गेला तो तिकडेच राहिला. चहा हातात धरून रामू म्हणाला, "बायजे, मी फळी घातली होती ना गं? पानी कुठून आलं मग? आता माझं मलाच आठवत नाय." मी त्याला चहात बुडवायला बटर दिलं. 

तू खोटं दाखवलं नाहीस, तुला सांगितलं ते दाखवलंस. मलाही तू उघाडीचं विचारलं होतंस, आणि मी लावणीचं सांगत बसले. आता ऐक. त्याच दिवशी तुझ्या आईकडची माणसं प्रितेशला बघायला यायची होती आणि घरात नुसती सुकट. भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीच्या तोंडाशी कोळंबी येते. रामू फळी घालून गेलेला मी डोळ्यांनी बघितला. तो गेल्यावर वीतभर उचलून जाळं लावलं. कोळंबी भरपूर मिळाली. पण फळी वाकडी होऊन अडकली, आणि उधाणापुढे माझा जोर किती. वाटलं, वीतभरच तर आहे. घरी येऊन कालवण केलं. पाहुण्यांनी बोटं चाटली, लग्न ठरलं. संध्याकाळपर्यंत शेतांचं तळं झालं होतं, आणि गावाने रामूचं नाव घेतलं होतं. मी काही बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू, मग तू झालीस.

रविवारी माणिकपूरला फिल्म दाखवून तू ती इंटरनेटवर टाकणार आहेस. प्रितेश सांगतो, एकदा तिथे गेली की अमेरिकेतला माणूसही बघेल. गावात चार तोंडं होती, ती आज ना उद्या मेली असती. तिथलं मरत नाही म्हणतात. तेव्हा गुरुवारी कॅमेरा घेऊन ये, बापाला कळवू नकोस. त्या उघाडीवर मी उभी राहीन आणि हे सगळं तोंडाने सांगेन, ते फिल्ममध्ये जोड. आपली आजी आहे म्हणून एक शब्द कापू नकोस. मग ती पहिल्यांदा आपल्याच पटांगणात लाव, बिनठिगळाची चादर आण. रामूची खुर्ची पुढे ठेव. माझी कुठे ठेवायची ते गाव ठरवील.

तुझीच,
बायजाआजी