बाईंनी पाठवलेली मुलगी

बाई, तुम्ही जाऊन आता नऊ वर्षं झाली, आणि तुम्ही होता तेव्हा जे सांगायला हवं होतं ते मी आज लिहायला बसले आहे. अंबाजोगाईच्या आपल्या शाळेत तुम्ही पीटीच्या बाई. पुण्यात कोर्स करताना कधीतरी वर्षभर एका क्लासात बॅले शिकलात, आणि तेवढ्या शिदोरीवर तुम्ही आम्हा सात-आठ जणींना शाळा सुटल्यावर भूगोलाच्या वर्गात उभं केलंत. बाकं भिंतीला सरकवायची, खिडकीचे गज धरायचे, टाचा जुळवायच्या, पंजे बाहेर. तुम्ही डस्टरनं टेबलावर ठेका देताय आणि मधेच ओरडताय, "मान वर! खाली काय सुई पडली का?" पंजे पुरते वळले नाहीत तर तुम्ही जमिनीवर बसून हातानं वळवायचात. आमच्या वस्तीत जयंतीच्या स्टेजवर मी पहिल्यांदा नाचले, तेव्हा तुम्ही माझ्या आईशेजारी सतरंजीवर बसला होता. मागून कुणीतरी हसलं, "ही पोरगी टाचा उचलून कावून चालायली?" तुम्ही वळून म्हणालात, "गप बसून बघा. पुण्यात लोक तिकीट काढून बघतेत असलं."

बारावीनंतर तुम्हीच मला पुण्याला एका बॅलेच्या संस्थेत घेऊन आलात. गुलाबी अस्तराच्या कापडाचे जोडे तुम्ही घरच्या मशीनवर शिवून दिले होते, ते घालून मी त्या मोठ्या आरशासमोर उभी राहिले. तिथल्या मॅडमनी माझे पाय पाहिले आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं?" पाय कमरेपासून वळवायचे असतात, मी गुडघे पिळून नुसते पंजे वळवत होते. पंधरा-वीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "कुणी नाही. सीडी बघून." तुम्ही तेव्हा बाहेर पायऱ्यांवर आपल्या दोघींचा डबा घेऊन बसला होता. मॅडमना ते फार आवडलं, बाई. त्यांनी मला ठेवून घेतलं, दोन वर्षं खपून माझे पाय सुधारले, आणि पुढे त्यांच्या नृत्य-कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रकात माझ्या नावाखाली छापून यायला लागलं: मराठवाड्यातून आलेली, कुणाच्याही मदतीशिवाय शिकलेली. ती पत्रकं मी आईला पाठवायची. तुम्हाला कधीच पाठवली नाहीत.

मग मी मॅडमच्या शाखांमध्ये स्वतःच शिकवायला लागले. सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर, शनिवार-रविवार चिंचवडची शाखा, सगळं स्कूटरवर. अशाच एका शनिवारी तुमचा फोन आला. "एक पोरगी हाय. चौदा वर्षांची. आई दवाखान्यात मावशी हाय, वॉर्डात. तुझ्यासारखीच हाय बघ, तुझ्याहून लई हट्टी. तुमच्याकडं बिनफीची जागा निघालीय म्हणं. पाठवू का?" मी म्हणाले, पाठवा की.

मायलेकी पहाटेच्या एसटीनं आल्या. परीक्षेला आम्ही तिघी होतो: मॅडम, मी आणि आणखी एक शिक्षिका. मुलगी मधोमध येऊन उभी राहिली, पंजे बाहेर, हनुवटी वर, आणि ठेका सुरू व्हायच्या आधी तिनं श्वास घेतला तो हुबेहूब तुम्ही शिकवलेला. ती नाचली. मला खुर्चीत नीट बसवेना. पाय चुकीचे होते, पण उडी मारून खाली येताना आवाज नव्हता, आणि चेहऱ्यावर भीती नव्हती. मॅडम पुढे झुकल्या. "कुणी शिकवलं?" पोरीनं हसून माझ्याकडे बोट केलं. "आमच्या बाईंनी. ताईंला पण त्यांनीच शिकवलंय की."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. अजून ते हसणं आठवलं की मान खाली जाते. म्हणाले, "आमच्याकडे सगळेच सगळ्यांना ओळखतात. हिचा काहीतरी घोळ झालाय." पोरीचा चेहरा उतरला, तिनं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. त्या बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाय सुटतील दोन वर्षांत. तुझे सुटले होते ना." आणि मी, बाई, हट्टाला पेटले. म्हणाले, पाया चुकलाय, गुडघे आत्ताच गेलेत, ही टिकणार नाही. गुडघ्यांचं मी मनचं सांगितलं होतं. ती रोज या क्लासात आली, रोज तुमचं नाव घेऊ लागली, तर माझं काय उरेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. मॅडमनी माझं ऐकलं, जागा औंधच्या एका मुलीला गेली.

तुम्हाला फोन मीच केला. नाही जमलं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं आसंल. पाय कसे वळवायचे ते मला धड कळलंच न्हाई कधी." आणि लगेच, "मग तुला कावून न्हाई आडलं?" मी म्हणाले, "माझं वेगळं होतं, बाई." तुम्ही म्हणालात, "हां, ते बी खरं."

तुम्ही गेल्यावर तुमच्या वहिनींकडून कळलं, की त्या फोननंतर आठवड्याभरात तुम्ही शाळेतला क्लास बंद केलात. पोरींचे गुडघे बिघडवून पाप कशाला घेऊ, असं म्हणायचात म्हणे. मी तिथे तुमच्या फोटोसमोर बसून चहा प्यायले.

गेल्या महिन्यात आईला दाखवायला अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले, तर वॉर्डात तीच मुलगी. नर्स झालीय. तिनं मला लगेच ओळखलं, आईसाठी खुर्ची आणली, सलाईन स्वतः लावलं. माझ्यावर राग असल्याचं काही दिसलं नाही, उलट जाताना माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला. मग जिन्यापाशी थांबून म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी मी खरंच लई वाईट नाचले होते का?" मी म्हणाले, "इतक्या वर्षांचं कुठं आठवतंय गं."

आठवतं, बाई. बाकी दोघींनी तिला त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण दिले होते. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हे सगळं तिला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे.