रुपेशचा दुसरा आवाज

शनिवार, मरोळ

आज रुपेश पहिल्यांदाच न ओरडता गायला. आमच्या मेटल बँडचा गायक, वेसाव्याचा कोळी. घसा बिघडल्यावर डॉक्टरांनी ओरडायला साफ मनाई केली होती. पहिल्याच गाण्याला समोरून कुणीतरी म्हणालं, "भजनी मंडळ झालं रे यांचं." हशा पिकला. ड्रम्सवर बसून मला घाम फुटला.

मग रुपेशने आईकडून ऐकलेलं होडीचं गाणं धरलं, आमच्या त्याच जड गिटारींवर. हा आवाज इतकी वर्षं होता कुठे? ओरडण्याच्या खाली? मी वाजवायचंच विसरलो. तो आवाज अजून कानात आहे.

गाणं संपलं. टाळी नाही, शिटी नाही. रुपेश घाबरून माझ्याकडे वळला.

"नाही आवडलं काय रे?"

मी ड्रमस्टिकने समोर दाखवलं. सगळा हॉल काळ्या टी-शर्टांत नुसता उभा होता, देवळात उभा राहावा तसा.